काल धावत होता, आज उठत नाही : तरुण कुत्र्यांमधले अचानक बदल (अनुभव धागा)

पट्ट्याची कडी वाजली की आमचा भुऱ्या घरात कुठेही असो, दारात हजर. गेल्या श्रावणात एका सकाळी कडी वाजवली आणि तो दिवाणाखालून नुसता बघत राहिला. शेपूट एकदा फरशीवर आपटली, तेवढंच. देशी कुत्रा, वय ११ महिने. आदल्याच संध्याकाळी सोसायटीच्या आवारात चिखल उडवत गोल गोल धावला होता.

घरातले म्हणाले, पाऊस लागलाय, कंटाळला असेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोठा झाला गं, शहाणा झाला." मलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. त्या 'शहाणा झाला'पायी माझे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याने दहीपोळी हुंगून तोंड फिरवलं. पाय चेपत बसले होते, तर कानाच्या घडीत आत बोटाला काहीतरी लागलं. एरंडाच्या बीएवढी फुगलेली गोचीड.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी त्याचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी असतात ना, त्या धुऊन विटलेल्या कापडासारख्या दिसत होत्या. ताप १०४.६. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं, म्हणून नाकाला हात लावून काही कळत नाही. रक्तात एर्लिकिया निघाला, म्हणजे आपण ज्याला गोचीडताप म्हणतो त्यातला एक प्रकार. प्लेटलेट्स ३८ हजार. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस, तेही खाण्याबरोबर, कारण रिकाम्या पोटी दिलेली पहिली गोळी त्याने उलटून टाकली. चौथ्या दिवशी तो दूधवाल्यावर भुंकला आणि मी जिन्यातच रडले.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती. गोचीड चावल्यापासून ताप दिसायला एक ते तीन आठवडे जाऊ शकतात. त्यामुळे आज अंगावर गोचीड नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आणि ती बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे असते. कुत्र्याला औषध दिलं आणि घर तसंच ठेवलं, तर पुन्हा तेच.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. कुत्र्याचं वय, जात, गाव आणि शेवटी निघालं काय, एवढं नक्की सांगा. साधंच कारण निघालं असेल तरी लिहा.

ठाणे. लॅब्रॅडॉर, नर, ८ महिने

आमचं उलटं होतं. संध्याकाळी सात वाजले की अंगात आल्यासारखा सोफ्यावरून पलंगावर, पलंगावरून दारापर्यंत, मध्येच माझ्या पायजम्याला दात. 'बस' म्हटलं की बसणारा मुलगा आता माझ्याकडे बघून सरळ निघून जायचा. मी त्याला जास्त फिरवायला लागलो, तसतसं वाढतच गेलं.

शिकवायला येणाऱ्या ताईंनी विचारलं, दुपारी झोपतो किती? दोन्ही मुलं शाळेतून आली की त्याच्याशी खेळत बसायची, त्याला झोपच नव्हती. लहान पिल्लं दिवसाचे १८-२० तास झोपतात, या वयातही बरीच झोप लागते, आणि थकलेलं पिल्लू पेंगण्याऐवजी चेकाळतं. आता एक ते चार आतल्या खोलीत अंधार करून ठेवतो. आठवड्याभरात सातचा धिंगाणा दहा मिनिटांवर आला.

न ऐकण्याचं म्हणाल तर तो वयाचाही भाग आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी मार्गदर्शक कुत्रे म्हणून वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांवर अभ्यास केला होता. आठव्या महिन्यात ती 'बस' ही आज्ञा आपल्याच माणसाकडून पाचव्या महिन्यापेक्षा कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. हे वाचल्यापासून माझा आवाज चढणं थांबलं.

नागपूर. देशी, मादी, वर्षाची

पहिला माज संपून दोन महिने झाले होते. एकदम गप्प, फिरायला नको, माझ्या मुलाचा मोजा पलंगाखाली नेऊन त्याच्याभोवती वेटोळं करून बसायची. मोजा उचलला तर गुरगुरली, आयुष्यात पहिल्यांदा. आचळांना सूज. खोटी गर्भारावस्था. डॉक्टर म्हणाले, आचळं दाबू नका, चोळू नका. तीन आठवड्यांत आपोआप ओसरलं. पुढच्या माजाआधी तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं.

कोल्हापूर. जर्मन शेफर्ड, नर, ७ महिने

पुढचा उजवा पाय लंगडत होता, म्हटलं उडी मारताना मुरगळला असेल. चार दिवसांनी तो बरा आणि डावा मागचा लंगडा. चिडचिड इतकी की अंगावरून हात फिरवला तरी मान वळवून बघायचा. डॉक्टरांनी हाडाच्या मधोमध अंगठ्याने दाबलं आणि तो केकाटला. एक्सरे काढला, पॅनोस्टायटिस म्हणजे वाढत्या वयातली हाडांची दुखणी निघाली. मोठ्या जातीत, त्यातून शेफर्डमध्ये जास्त. दुखणं पाय बदलतं ही खूण.

पण त्याआधी आम्ही जी चूक केली ती सांगायलाच हवी. घरात माणसांची दुखण्याची गोळी होती, आबांनी प्रेमापोटी गुळात घालून दिली. रात्री उलट्या, सकाळी काळी शी. दोन दिवस सलाइनवर काढले. आयबुप्रोफेन असो की पॅरासिटामॉल, माणसाची गोळी कुत्र्याला द्यायची नाही म्हणजे नाही.

रत्नागिरीजवळचं गाव. देशी पिल्लू, ५ महिने

हे लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

पिल्लू आमच्या पडवीत राहायचं, कुणी पाळलेलं असं नव्हतं, लस कुणी दिली नव्हती. भारी खेळकर. एक दिवस चुलीमागच्या अंधारात जाऊन बसलं, बोलावलं तरी येईना. दुसऱ्या दिवशी खालचा जबडा लोंबायला लागला, लाळ गळत होती, पाण्यात तोंड घालायचं पण गिळता येत नव्हतं. आजी म्हणाली, घशात माशाचा काटा अडकलाय. ती पदर खोचून त्याच्या तोंडात बोटं घालायला वाकली होती. माझ्या भावाने तिचा हात धरला, का धरला त्यालाही सांगता येत नाही.

पशुवैद्यकांनी लांबूनच पाहिलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. रेबीज नेहमी चवताळून येतो असं नाही, असा गपगुमान सुद्धा येतो. पिल्लू चौथ्या दिवशी गेलं. धाकट्या बहिणीच्या मनगटावर आठवडाभरापूर्वीची त्याच्या दातांची ओरखड होती. ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, तिला सीरम दिलं, आणि घरातल्या सगळ्यांना लसीची इंजेक्शनं : ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. सगळे सुखरूप आहेत.

अंगणात येणाऱ्या पिल्लालाही तीन महिन्यांचं झालं की लस द्या. आता आम्ही वाडीतल्या प्रत्येक पिल्लाला टोचून घेतो.

सातारा. देशी, नर, १० महिने

ताई, आमचा बाळू कालपासून झोपूनच आहे. खातोय थोडं. गोचीड दिसली नाही. दोन दिवस वाट बघू का?

पुणे (धागा काढणारी)

वाट बघू नका, दादा. आत्ता त्याचा ओठ वर करा, हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. हिरडी मुळातच फिकी असेल, किंवा लघवी कॉफीसारखी गडद असेल, तर रात्र असली तरी न्या. त्यानंतर पुन्हा गोचीड शोधा : कानाच्या आत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी, पंजाच्या बोटांमध्ये. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, उदबत्तीचा चटका नको.

सातारा

हिरडी फिकी वाटतेय. पंजाच्या बोटांत दोन निघाल्या, एक बारीक, एक फुगलेली. दवाखान्यात बसलोय, आमचा चौथा नंबर आहे. बाळू माझ्या पायावर डोकं ठेवून पडलाय. रक्ताचा रिपोर्ट आला की लिहितो.