होमस्टेचं बुकिंग रद्द झालं तर पैसे किती परत करता? अनुभव सांगा

पडवी
गुहागरजवळ आमचं आजोबांचं घर आहे. दोन खोल्यांना नवी बाथरूम झाली, कौलं परतून झाली, दिवाळीपासून पाहुणे घ्यायचं ठरलंय. खोलीला २,८०० रुपये, न्याहारीसकट, जेवण वेगळं. घोडं अडलंय ते एकाच ओळीवर. ॲडव्हान्स घेतल्यावर बुकिंग रद्द झालं तर काय करायचं? मी म्हणतो, पंधरा दिवस आधी सांगितलं तर पूर्ण परत, नंतर छदामही नाही. बायको म्हणते, पहिल्याच वर्षी नाव घालवायचंय का? आईचं म्हणणं, देऊन टाका, कुणाचे तळतळाट नकोत. ज्यांनी चालवलंय त्यांनी आणि ज्यांचे पैसे बुडालेत त्यांनीही लिहा. सल्ल्यापेक्षा काय घडलं ते सांगा.

हर्णैकरीण
आमचं बारावं वर्ष. पहिली दोन वर्षं मी काहीच लिहून देत नव्हते, तोंडी मामला. एका शनिवारी दोन कुटुंबं यायची होती, दहा माणसं. शुक्रवारी संध्याकाळी हे बंदरावर जाऊन लिलावातून सुरमई घेऊन आले. रात्री तुकड्या करून आलं-लसूण लावून ठेवल्या, सोलकढीसाठी नारळ खवून ठेवले. सकाळी सव्वासातला मेसेज, ‘ताई सॉरी, मुलाला ताप आहे, जमत नाही.’ पुढे हात जोडलेलं चित्र. संध्याकाळी त्यांच्याच स्टेटसला आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीसमोर अख्खी फॅमिली, तापकरी मुलासकट! दोनशे रुपयांनी स्वस्त खोली मिळाली होती म्हणे. आम्ही आणि शेजाऱ्यांनी तीन दिवस सुरमई खाल्ली. चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, आई, आज पिठलं कर.

तेव्हापासून खोली आणि जेवण यांचा हिशोब वेगळा. जेवण आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत सांगायचं. त्यानंतर रद्द केलं तर आणलेल्या मासळीचे पैसे द्यायचे. खोलीचे सात दिवस आधीपर्यंत सगळे परत. त्यानंतर खोली दुसऱ्या कुणाला गेली तरी सगळे परत, नाही गेली तर एका रात्रीचे कापते. ‘दुसऱ्याला गेली तर’ एवढ्या शब्दांनी माझी निम्मी भांडणं मिटली. लोक स्वतःच सोसायटीच्या ग्रुपवर विचारून बदली पाहुणे धाडतात.

पडवी
पण खोली गेली की नाही हे त्यांना कसं कळणार?

हर्णैकरीण
नव्या ॲडव्हान्सचा स्क्रीनशॉट पाठवते, नाव झाकून. शंका घेणारे घेतातच.

रापण
मी मालवणजवळच्या देवबागचा. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे आमची वाडी. त्यामुळे आमच्याकडे रद्द होण्याचं मुख्य कारण आभाळ. २०१९च्या दिवाळीत क्यार वादळ आलं, ऐन धनत्रयोदशीला. सहाच्या सहा खोल्या भरलेल्या होत्या. मी सगळ्यांना फोन करून येऊ नका म्हटलं आणि पैसे परत केले. चांगुलपणा म्हणून ठीक, पण त्या पैशातूनच मी गाद्या घेतल्या होत्या. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन. तेव्हा ठरवलं, हवामानामुळे रद्द झालं तर तारीख बदलून द्यायची, वर्षभरात कधीही या.

त्यातही एकदा फसलो. मेमधलं बुकिंग बदलून एक जण थेट २९ डिसेंबरला हजर, मेच्याच दरात! आता स्पष्ट लिहितो, रक्कम जमा धरू, दर त्या दिवसाचा लागेल. २०२५मध्ये मात्र हाच नियम पावला. तळकोकणात पाऊस यायचा जूनच्या पाच तारखेच्या सुमारास, त्या वर्षी २५ मेलाच मोसमी पाऊस दाखल झाला, आणि त्याआधीच्या आठवड्यातही झोडपत होताच. शेवटच्या आठवड्यातली नऊ बुकिंगं होती. सहा जणांनी तारीख बदलली, दोघांना रोख हवी होती ती दिली, आणि एक पुण्याचं जोडपं तरीही आलं. चार दिवस पडवीत बसून पाऊस बघितला, आमरस खाल्ला, खूश होऊन गेलं.

‘बोटी बंद आहेत म्हणून पैसे परत द्या’ हे मात्र मी ऐकत नाही. पावसाळ्यात ऑगस्टअखेरपर्यंत स्कूबा नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी नाही, हे बुकिंग घेतानाच सांगतो.

गोदाकाठ
मी पाहुण्यांच्या बाजूने. तीन रात्रींमागे नऊशे रुपये वाचतात म्हणून ‘परतावा नाही’वालं बुकिंग केलं. निघायच्या दोन दिवस आधी चुलते गेले. आम्हाला सुतक. घरातलं वातावरण तसं असताना मी एका कोपऱ्यात उभा राहून मालकाशी पैशांवरून बोलतोय, याची मलाच लाज वाटली. तो म्हणाला, ‘डेथ सर्टिफिकेट पाठवा, बघतो.’ मी फोन ठेवून दिला. साडेआठ हजार गेले. नियमाप्रमाणे तो बरोबर होता, मला माहीत आहे. तिथे परत जाणार नाही, हेही माहीत आहे.

पडवी
आणि कुणी खोटंच सांगितलं तर?

हर्णैकरीण
सांगू देत. बारा वर्षांत एखाददुसरी आजी माझ्याकडे दोनदा वारली असेल. दाखला मागायला माझी जीभ रेटत नाही.

वेटिंग २७
रेल्वेचं कुणीच बोललं नाही? १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. मेची खोली आम्ही फेब्रुवारीत ठरवतो, तिकिटं मार्चमध्ये, आणि वेटिंग शेवटपर्यंत हलत नाही. मागच्या उन्हाळ्यात चार्ट लागल्यावर कळलं की पाचांपैकी दोघांचंच कन्फर्म. चिपळूणच्या पुढे एक मालक आहेत ते ६० दिवसांच्या आधी फक्त ५०० रुपये टोकन घेतात, बाकीचा ॲडव्हान्स तिकीट हातात आल्यावर. आम्ही तिथेच जातो.

काळा कोट
धंद्याने वकील, म्हणून दोन गोष्टी. कराराच्या १८७२च्या कायद्यात कलम ७४ आहे. कागदावर दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती सगळी मिळतेच असं नाही. वाजवी भरपाई मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड लावणारा करार ‘अनुचित’ धरता येतो. शिवाय ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करू शकतो. म्हणजे ठाण्याच्या पाहुण्याने ठाण्यात केस टाकली तर गुहागरहून खेटे तुम्ही घालायचे. पंधरा दिवस आधीपर्यंत पूर्ण आणि नंतर शून्य, यापेक्षा पायऱ्या ठेवा. हर्णैच्या ताईंचा नियम मला आवडला, त्यात कापलेले पैसे खऱ्या नुकसानीशी जोडलेले आहेत.

आसगाव
गोव्यात फ्लॅट आहे, सगळं बुकिंग पोर्टलवरून. तिथे तयार साचे असतात: एक दिवस आधीपर्यंत पूर्ण परत, पाच दिवस आधीपर्यंत, महिनाभर आधीपर्यंत वगैरे. मी वर्षभर पाच दिवसांवाला ठेवते, २० डिसेंबर ते ५ जानेवारी कडक. जून-जुलैत एक दिवसावर आणते, कारण तेव्हा खोली रिकामीच असते, कडक नियम लावून कुणाला अडवणार? पण साचा तुमचा असला तरी शेवटचा शब्द पोर्टलचा. मार्च २०२०मध्ये मी कडक नियम लावलेला असूनही पाहुण्यांना सगळे पैसे परत गेले, मला विचारलंही नाही.

पडवी
सगळ्यांचे आभार. रात्री बसून लिहिलं, तिघांनाही पटलं: ‘ॲडव्हान्स एका रात्रीचा. दहा दिवस आधीपर्यंत सांगितल्यास पूर्ण परत. त्यानंतर खोली दुसऱ्यांना गेल्यास पूर्ण परत, न गेल्यास निम्मा परत. वादळ, रस्ता बंद, घरात दुःखद प्रसंग असल्यास वर्षभरात तारीख बदलून मिळेल, दर त्या दिवसाचा. जेवण आदल्या दिवशी चारपर्यंत सांगावे.’ काही राहिलं का?

गोदाकाठ
राहिलं. तुम्हीच रद्द केलंत तर? अलिबागकडे आम्ही ३१ डिसेंबरला रात्री नऊला पोचलो, तर मालक म्हणाला, घोळ झाला, खोली गेली. जास्त पैसे देणारा मिळाला होता, हे त्याच्या स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं. लहान मुलीला गाडीतच झोपवलं.

पडवी
अरेच्चा, ही ओळ सुचलीच नव्हती. आमच्याकडून रद्द झालं तर पूर्ण पैसे आणि जवळपास दुसरी खोली शोधून देऊ, असं घालतो. बायको म्हणते, आधी बुकिंगच्या दोन वह्या आहेत त्यांची एक कर. आणि गणपतीचे दिवस आत्ताच खोडून टाकलेत, तेव्हा आमचीच माणसं माजघरात ओळीने झोपलेली असतात.