जुन्या जीपला बसवलेला जुना माल : आपापले अनुभव सांगा

उद्यमनगरचा पोरगा
काल कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजबाहेर भंगाराच्या ढिगात कॅसेट प्लेअर दिसला, मारुती ८०० मधून काढलेला. पप्पांची महिंद्रा एमएम ५४० डोळ्यांपुढं आली. त्या जीपला त्यांनी तसलाच प्लेअर बसवला होता. डॅशबोर्ड म्हणजे नुसता पत्रा, त्यामुळं सीटखाली फळ्यांची पेटी करून त्यात ठेवला. स्पीकर घरच्या बंद पडलेल्या टीव्हीचे. गाडीच्या प्लेअरला ४ ओहमचे स्पीकर लागतात, हे ८ चे, म्हणून आवाज जरा बारीक. पण प्लेअरवर ताण नाही. जोतिबाच्या यात्रेला आम्ही पोरं मागं उभी राहून गाणी म्हणत जायचो.

पुढं मी कॉलेजात असताना दुसऱ्या गाडीचा आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा, जीपला लावायचं काढलं. पेट्रोल गाडीत फेऱ्या मोजायचा पल्स इग्निशन कॉइलवरून मिळतो. आमची जीप डिझेलची, तिला कॉइलच नाही. शेवटी मिस्त्रींनी अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज करतो तो) डब्ल्यू टर्मिनलवरून, म्हणजे फेऱ्यांचा पल्स देणाऱ्या टोकावरून, वायर काढली, पुलीचा हिशेब घालून मीटर जुळवून दिला. काटा हलला तेव्हा पप्पांनी सगळ्या गॅरेजला चहा पाजला. तुमच्याकडं काय काय बसवलंय ते लिहा. लहानसहान असलं तरी चालेल.

रानगवा
आमच्या अल्टरनेटरला डब्ल्यू टर्मिनलच न्हाई. मग काय करायचं?

पंचगंगाकाठ
एक कळकळीचं सांगतो. आमचं गाव चिखली. २०१९ ला आणि परत २०२१ ला पुरात काय झालं ते सगळ्यांना म्हाईत हाय. पुरात बुडलेल्या गाड्यांचा माल नंतर लई स्वस्तात फिरतो. वायरिंग आणि रिले बॉक्स त्यातला अजिबात घेऊ नका. पाणी वायरच्या तोंडातनं आत शिरतं आणि तारेतारेतनं वर चढत जातं. वरनं प्लास्टिक नवंकोरं दिसतं, आत तांबं हिरवं-काळं पडलेलं असतं. घ्यायच्या आधी टोकाला बोटभर सोलून बघा. तांबं चमकलं तर घ्या, काळं दिसलं तर ठेवून द्या. वायर गरम होऊन पेटली की गाडी जाईल, आणि आत माणसं असतात.

बावड्याची सून
पंचगंगाकाठ दादा, १०० टक्के. पुरात तुमचं घर कसं राहिलं?

आमची मारुती जिप्सी आहे. सासरे चालवायचे, आता मी चालवते. गगनबावड्याला पावसाळ्यात धुकं इतकं की करूळ घाटात स्वतःचं बॉनेट दिसत नाही. मोडीत निघालेल्या गाडीचे पिवळे फॉग लॅम्प मिळाले. सासऱ्यांचा हट्ट होता, रिलेशिवाय (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) दिवा लावायचा नाही. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ९ अँपिअरच्या वर करंट, तो जुन्या स्विचमधून कशाला न्यायचा? बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ नंबरच्या पिनमधून दिव्याला. स्विचकडं फक्त ८५-८६ चा बारीक करंट. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण वायर पत्र्याला घासली तर बॅटरी आणि फ्यूजमधला तुकडा वाचवायला काहीच नसतं. हे मला त्यांनी कागदावर काढून दिलं. तो कागद अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. ते गेल्या वर्षी गेले.

उद्यमनगरचा पोरगा
वहिनी, वाचून भरून आलं. तो कागद लॅमिनेट करून घ्या.

पंचगंगाकाठ
घर बरं हाय वहिनी, खालची खोली नव्यानं बांधली. म्हशी आधीच वर नेल्या होत्या म्हणून वाचल्या.

जोंगावाला
माझी मिलिटरी लिलावातली जोंगा जीप, जबलपूरच्या कारखान्यात बनलेली. २४ व्होल्ट. बाजारातला सगळा माल १२ व्होल्टचा. पुष्कळ जण दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ काढतात. करू नका. ती बॅटरी सारखी उतरते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही वाया. मोडीतल्या ट्रकचा २४ ते १२ चा कन्व्हर्टर शोधा. मी त्यावर रेडिओ, मोबाईल चार्जर आणि मागच्या सीटवर वाचायचा दिवा चालवतो. दिवा मुलीसाठी, प्रवासात तिला पुस्तक लागतंच.

फुलेवाडीकर
रविवारी पन्हाळ्याला कोण येणार? झुणका भाकरी खाऊ, गाड्या पण बघू.

रानगवा
मी येतो. पण आधी डब्ल्यू टर्मिनलचं सांगा की ओ कोणीतरी.

दाजीपूर वाट
आमच्याकडं जुना मोबाईल डॅशवर पक्का केलाय, स्क्रीनला तडा गेलेला. राधानगरीच्या पुढं जंगलात रेंज नसते, पण जीपीएसला सिम लागत नाही. नकाशा घरी वायफायवर उतरवून घ्यायचा, बास. आतल्या सेन्सरवर गाडी किती अंश कलली तेही दिसतं, चिखलाच्या उतारावर फार कामाला येतं. चार्जिंगला ७८०५ (जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवून ५ व्होल्ट देणारी चिप) लावू नका. १४ व्होल्टचे ५ करताना १ अँपिअरला ९ वॅट नुसती उष्णता होते. बक कन्व्हर्टर घ्या, तो व्होल्ट उतरवताना फार तापत नाही. आणि फोन उन्हात ठेवून जाऊ नका, बॅटरी फुगते. जुन्या लॅपटॉपचे सेल इंजिनजवळ बसवलेले पण बघितलेत. कृपा करून काढा ते. लिथियम आहे, पाण्यानं सहज विझत नाही.

बावड्याची सून
दाजीपूर वाट, कोणतं ॲप? भावाला सांगायचंय, तो वनखात्यात आहे.

जोंगावाला
रानगवा, अल्टरनेटर खोलून स्टेटरच्या (आतली न फिरणारी गुंडाळी) तीनपैकी एका फेजला, डायोडच्या आधी, वायर डाग देऊन बाहेर काढायची. तोच डब्ल्यू. वायरला स्लीव्ह घाला, फिरणाऱ्या रोटरला लागता कामा नये. उद्यमनगरात अल्टरनेटर दुरुस्त करणारा कोणीही करून देईल. फोटो टाका, कुठला आहे बघतो.

रानगवा
लई उपकार झाले. संध्याकाळी धारा काढल्या की फोटो टाकतो. रविवारी किती वाजता?

फुलेवाडीकर
७ ला शिवाजी पुलावर. वहिनी, तुम्ही पण जिप्सी घेऊन या, पोरांना आणा.