दालमिल की अप्रेंटिसशिप? तालुक्याचा पैसा कुठं घालावा

सांधा_सूत
थेट मांडतो. बीड, धाराशिव, हिंगोलीच्या पोरांसाठी खर्चायचा पैसा रोजगार मेळाव्याच्या मांडवात घालू नका. तो छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत वसतिगृह उभारायला द्या. 1961 च्या अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) कायद्याप्रमाणं 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार देतं. म्हणजे जागा कायद्यानंच ठेवल्यात. अडतं कुठं? निवडपत्र हातात पडतं, पोरगं वाळूजजवळच्या रांजणगाव शेणपुंजीत खोली शोधतं, डिपॉझिट, भाडं, मेस यांत विद्यावेतन संपतं आणि दीड-दोन महिन्यांत ते गावाकडं परततं. राहायची सोय झाली तर वर्ष पुरं होईल, परीक्षा देता येईल आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हाती येईल.

मोंढ्यावरून
साफ असहमत. त्याच कायद्याचं कलम 18 वाचा. अप्रेंटिस हा कामगार धरलाच जात नाही. वर्ष संपल्यावर घ्यायचं की नाही, हे कलम 22 नं कंपनीच्या धोरणावर सोडलंय. जुनी तुकडी बाहेर, नवी आत. तालुक्याच्या पैशानं आपण कंपन्यांना स्वस्तात हात पुरवायचे का?

तूर आपली, मोंढ्यात (धान्यबाजारात) विकायची आपण, आणि डाळ पाकिटातून विकत घ्यायची, हे थांबवा. पैसा गावातल्या लहान दालमिलला द्या. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान आहे, कमाल 10 लाख. शेड, यंत्र, वीजजोडणी धरून 8 लाखांचा प्रकल्प मांडला तर स्वतःचे किमान 80 हजार लागतात आणि अनुदान 2 लाख 80 हजार बसतं.

काम शिकण्यासारखं आहे. तूर चाळून लहान-मोठा दाणा वेगळा करायचा. मग रोलरवर टरफलाला फक्त चिरा पाडायच्या. टरफल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो. तो सैल व्हावा म्हणून क्विंटलला पाव ते अर्धा किलो तेल चोळून ढीग रातभर झाकून ठेवायचा. दोन-तीन दिवस कडक ऊन, नंतर पाणी शिंपडून पुन्हा मुरवण, पुन्हा वाळवण, मग सोलणं आणि भरडणं. रोलर जास्त आवळला की दाणा फुटतो आणि चुनी (डाळीचा चुरा) वाढते. ढिला ठेवला तर डाळीला टरफल चिकटून राहतं, अन् तसल्या मालाला भाव मिळत नाही. हात बसला की क्विंटलला 70 ते 75 किलो डाळ निघते.

हिशेबवही
मोंढ्यावरून, प्रक्रिया बरोबर सांगितलीत, पण गिरण्या बंद पडतात त्या खेळत्या भांडवलापायी. 2025-26 चा तुरीचा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये. 50 क्विंटल घ्यायची तर 4 लाख रोख पाहिजेत. क्विंटलला 72 किलो डाळ धरली तर नुसत्या कच्च्या मालाचेच किलोला 111 रुपये पडतात. चुनी-टरफलाचे पैसे वजा केले तरी शंभरीच्या खाली येत नाही. त्यावर वीज, मजुरी, पाकीट, हप्ता.

आणि अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळं ठेवतात. तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि धंदा चालू असला, तरच कर्जात वळतं होतं. पोरं 2 लाख 80 हजार धरून तूर घ्यायला निघतात आणि पहिल्याच हंगामात हप्ता थकतो.

सांधा_सूत
वाळवणाचं पण बोला. तूर फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगणात पसरायची, त्याच दिवसांत आपल्याकडं गारपीट. आणि एका लहान गिरणीवर माणसं किती, दोन-तीन! तीही चार महिने.

मोंढ्यावरून
तूर विकत घ्यायचीच कशाला? पहिली दोन वर्षं फक्त मजुरीवर चालवा. शेतकऱ्यानं घरच्या खाण्याची तूर आणायची, डाळ न्यायची, किलोमागं दर द्यायचा. चुनी-टरफल गिरणीकडं राहतं का शेतकऱ्याकडं, एवढं आधी ठरवायचं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात भांडण. तुरीचा हंगाम सरला की हरभरा, मग मूग-उडीद. गारपिटीला वर पारदर्शक पत्रे टाकलेलं वाळवण-शेड हवं, ते अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा.

खरी अडचण विजेची. शेतीपंपाच्या फिडरवर (वीजवाहिनीवर) तीन फेज आठ तास, त्यातही आठवडा आड रात्री. गावठाण फिडरवरून औद्योगिक जोडणी घ्यावी लागते. कर्जाच्या अर्जाआधी जोडणीचा अर्ज टाका. यंत्र येऊन पडतं, हप्ता सुरू होतो आणि मीटरच नसतं, हे फार ठिकाणी घडतं.

लेकींचंही_बोला
दोघंही पोरगं, पोरगं म्हणताय. वसतिगृह झालं तरी पहिली इमारत मुलींची हवी. मुलाला चौघांत खोली मिळते, मुलीला घरातूनच परवानगी मिळत नाही. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षणात महिन्याला बारावीला 6000, आयटीआय-पदविकेला 8000, पदवीला 10000 मिळाले. कितीतरी मुलींनी ते घेतलं, कारण काम तालुक्याच्या कचेरीत होतं. पण मुदत संपल्यावर त्या कामाचा दाखला कारखान्यात चालत नाही.

हिशेबवही
हे पटलं. सांधा_सूत, तुमच्या बाजूनं एक भर घालतो. पोरं फक्त भाड्यापायी परतत नाहीत. ड्रॉइंगवर व्यास 25 मिमी आणि पुढं ±0.05 लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढाच फरक चालतो. व्हर्नियरचं (मापायच्या साधनाचं) लघुत्तम माप 0.02. पोरगं घाईत 25.04 वाचतं, खरं असतं 25.06, आणि जॉब (बनवलेला भाग) रिजेक्ट. आठवड्यात तीनदा असं झालं की सुपरवायझर त्याला झाडलोट आणि पॅकिंगवर टाकतो. तिथून ते मशीनवर परत येत नाही. फिटरच्या 20 जणांच्या तुकडीत मोजमापाची साधनं हातोहात फिरतात, सराव होतच नाही.

सांधा_सूत
मान्य. मग वसतिगृहाआधी तीन आठवडे तालुक्याच्या आयटीआयतच द्या. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र व्हर्नियर आणि 0.01 चा मायक्रोमीटर, रोज 30 जॉब मोजायचे, वहीत लिहायचे, दुसऱ्यानं तपासायचे. पण मजुरीच्या दालमिलला पैसा द्यायला माझा अजून विरोध आहे. बारा महिने किती माणसांना काम, एवढा एक आकडा अर्जात लिहून द्या, मग बोलू.

मोंढ्यावरून
लिहून देतो. तुम्हीही लिहा, वर्ष संपल्यावर कंपनीनं किती अप्रेंटिस ठेवून घेतले.