मदत हवी आहे: लोहाच्या गोळ्या डब्यातच
नमस्कार, मी मेळघाटात अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या एका बाईला सातवा महिना चालूय, हिमोग्लोबिन ८.२ म्हणजे कमीच आलंय, पण परवा घरी गेले तर गोळ्यांची पाकिटं तशीच तांदळाच्या डब्यात! म्हणते मळमळतं, संडासला काळं होतं आणि सासूबाईंचं म्हणणं गोळीनं बाळ मोठं होतं मग बाळंतपण अडतं. ज्या दोन-चार घेतल्या त्याही चहासोबत, आता काय बोलणार. काळं होणं नॉर्मल आहे, चहा नको, लिंबूपाण्यासोबत घे, सगळं सांगून झालं. अमृत आहार योजनेत गरोदर बायकांना अंगणवाडीत जेवण मिळतं, ते जेवायला मात्र रोज येते, तर तिथंच समोर गोळी द्यावी का? सिस्टर सलाईनमधून आयर्न द्यायचं म्हणतायत, त्याला ती अजूनच घाबरते. सासूला कसं पटवलंत कोणी, प्लीज सांगा.