मदत हवी आहे: सेल्फ मारला की नुसतं टक्क, बॅटरी नवी आहे

चाकोरी:
मंडळी, जरा लवकर सांगा. जुन्या बाइकचा सेल्फ लागत नाहीये. बटण दाबलं की सीटखाली टक्क होतं आणि बास. बॅटरी नवी आहे, तेव्हा "बॅटरी बदला" कृपया नको. रोज सकाळी किका मारून वैताग आलाय. रिले (मोटरला करंट सोडणारा स्विच) मागवू की स्टार्टर मोटर?

तेलकट हात:
आत्ता काहीच मागवू नका. किती सीसी? टक्क एकदाच होतं की टकटकटक सलग? बटण दाबल्यावर दिवा मंद होतो का? किकने लगेच लागते का?

अडगळ:
मोटरचे कार्बन (ब्रश) गेले. डोळे मिटून सांगतो. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं, मोटर उघडून कार्बन बदलले, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) पॉलिश पेपरने साफ केलं, आजतागायत त्रास नाही.

सुसाट:
रिलेच्या दोन जाड बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर आडवा धरा. मोटर फिरली तर रिले खराब. एका मिनिटाचं काम.

तेलकट हात:
@सुसाट, हे सांगताना पुढचंही सांगत जा. असं केलं की क्लच आणि न्यूट्रलचे स्विच बाजूला पडतात. गाडी गिअरमध्ये असेल तर जागेवरून उडी मारेल. शिवाय ठिणगी पडते आणि टाकी तिथेच वर. आधी हाताने न्यूट्रल तपासा, पेट्रोल गळत नाही ना बघा.

चाकोरी:
१२५ सीसी, कार्ब्युरेटरवाली. टक्क एकदाच. दिवा जेमतेम मंद होतो. किकने पहिल्या-दुसऱ्या फटक्यात लागते, म्हणजे बॅटरी चांगलीच आहे ना?

तारतम्य:
नाही. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत प्लगचा करंट मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवतो तो) कॉइलमधून येतो. तिथे बॅटरी मेली तरी गाडी किकने लागते. आणि नवी बॅटरी म्हणजे चार्ज झालेली बॅटरी नव्हे. बॅटरीला मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत. मग बटण दाबून पुन्हा बघा. १० च्या बरंच खाली गेली तर बॅटरी नवी असो वा जुनी, तिच्यातच दम नाही.

पायवाट:
बॅटरी जास्त एएचची (मोठ्या क्षमतेची) टाका, विषय संपला. मी टाकली आहे.

तारतम्य:
विषय कसा संपेल? वाटेत कुठे अडथळा असेल तर मोठी बॅटरीही तिथेच अडणार.

चाकोरी:
बंद असताना १२.६. बटण दाबल्यावर ११.९. आता?

तेलकट हात:
हे कामाचं बोललात. मोटर खरंच करंट ओढत असती तर व्होल्टेज याहून खाली आलं असतं. रिले टक्क करतोय, म्हणजे बटण आणि क्लच स्विच ठीक. करंट जाड वाटेवर कुठेतरी अडतोय: रिलेचे आतले कॉन्टॅक्ट, मोटरचे कार्बन किंवा अर्थिंग (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट). मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं मोटरच्या बोल्टला, बटण दाबा, आकडा लिहा. मग एक टोक मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, पुन्हा बटण. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं.

अडगळ:
एवढं मोजत बसण्यापेक्षा मोटर उघडा. चार बोल्ट तर आहेत.

चाकोरी:
प्लसकडे ०.३. मायनसकडे ८.१. मीटर बिघडलाय का?

तारतम्य:
मीटर ठणठणीत आहे, अर्थिंग गेलंय. मोटरला मिळायचे ते व्होल्ट तिथेच खर्च होताहेत. अलीकडे गाडीचं काय काम केलं होतं?

चाकोरी:
फ्रेम रंगवून घेतली, त्यासाठी इंजिन उतरवलं होतं. त्याचा सेल्फशी काय संबंध?

तेलकट हात:
सगळा संबंध तिथेच आहे! मायनसची जाड केबल इंजिनला किंवा फ्रेमला जिथे बोल्टने बसते तिथे रंगाचा थर राहिला असणार. आधी मायनस काढा. बोल्ट खोला, केबलची टिकली आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. केबल आतून हिरवी पडली असेल तर बदलाच.

गिरकी:
रंग दिलाच आहे तर चेनस्प्रॉकेटही बघून घ्या. ऑइल कोणतं वापरता? १०डब्ल्यू-३० चांगलं.

चाकोरी:
केबल फ्रेमला होती आणि खाली खरंच रंग होता. घासून बसवली. सेल्फ लागला! मायनसकडे आता ०.२. बटण दाबल्यावर बॅटरी १०.४ ला उतरते. गाडी गरम असताना मात्र मोटर किंचित जड वाटते.

अडगळ:
कार्बन. मी आधीच म्हणालो होतो.

तेलकट हात:
आता अडगळ यांचं पटतं, एकदा मोटर उघडून कार्बन बघून घ्या, पण घाई नाही. त्याआधी गाडी चालू ठेवून, थोडी रेस देऊन बॅटरीवर मोजा. साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. कमी असेल तर चार्जिंग बघा, नाहीतर ही बॅटरीही बसेल.

पायवाट:
माझ्या गाडीत मोटर घूं घूं फिरते पण इंजिन फिरतच नाही. अर्थिंग घासू का?

तारतम्य:
नका घासू. मोटर जोरात फिरतेय म्हणजे करंट पोचतोय. तुमचा वन-वे क्लच (मोटरची फिरकी इंजिनला देणारा भाग) सटकतोय. वेगळा धागा काढा, आणि त्यात सीसी लिहा.