माझी क्लासिक हिपहॉपची यादी, आणि ‘द मेसेज’ पाचवं का

रात्रपाळी:
आधी यादी देतो, मग भांडू. काळ फक्त १९८० ते १९९५. पहिलं, पीट रॉक आणि सी. एल. स्मूथचं ‘दे रेमिनिस ओव्हर यू’ (१९९२). मग नासचं ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ (१९९४), मॉब डीपचं ‘शुक वन्स पार्ट टू’ (१९९५), एरिक बी आणि राकिमचं ‘आय नो यू गॉट सोल’ (१९८७). पाचवं ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं ‘द मेसेज’ (१९८२), सहावं पब्लिक एनिमीचं ‘फाइट द पॉवर’ (१९८९), सातवं बिगीचं, म्हणजे द नोटोरियस बी. आय. जी.चं, ‘ज्यूसी’ (१९९४).

निकष एकच. मागचा-पुढचा इतिहास न सांगता लावलं, तर गाणं माणसाला धरून ठेवतं का?

पहिल्या गाण्यावर जरा सविस्तर बोलतो. हेवी डी अँड द बॉइझ या रॅप गटातला नर्तक ट्रॉय डिक्सन १९९० मध्ये दौऱ्यावर असताना उंचावरून पडून गेला. २२ वर्षांचा होता. हे गाणं त्याच्यासाठी आहे. पण सी. एल. स्मूथ थेट त्याच्यावर येत नाही. आधी आई येते, कोवळ्या वयात पोर पदरात पडलेली. मग जन्मदात्याने पाठ फिरवल्यावर ज्याने बापासारखं वाढवलं तो माणूस येतो. ट्रॉय येतो तो तिसऱ्या कडव्यात, आणि तिथेही सुरुवात होते ती पहिली भेट रस्त्यावरच्या मारामारीत कशी झाली इथून. आपल्याकडे दहाव्याला माणसं जमली की बोलणं असंच चालतं. गेलेल्याचं नाव निघायच्या आधी घरातले बाकीचे सगळे आठवून होतात. आणि शब्द थांबले की तो सॅक्सोफोन! टॉम स्कॉटच्या १९६७ च्या रेकॉर्डवरचा एवढासा तुकडा, पण कुणीतरी हुंदका आवरतंय असं वाटतं. वडील गेले त्या वर्षी लोकलमध्ये ठाणं यायच्या आत हे गाणं एकदा तरी लावायचोच.

कॅसेटवाला:
यादी मनापासून केलीत हे दिसतंय, पण ‘द मेसेज’ पाचवं? साफ नामंजूर. त्याच्या आधी रेकॉर्डवर आलेलं रॅप बहुतेक नाचायचं होतं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये डीजे कूल हर्कने न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या सेजविक अव्हेन्यूवर रेकॉर्ड वाजवल्या, जिथून हिपहॉप सुरू झालं असं मानतात, तीही पार्टीच, आणि १९७९ चं ‘रॅपर्स डिलाइट’ही पार्टीचंच. ‘द मेसेज’ने ठेका संथ केला आणि फुटक्या काचा, जिन्यातला मुताचा वास, उंदीर, झुरळं हे सगळं गाण्यात आणलं. फ्युरियस फाइव्हमधल्या मेली मेलच्या शेवटच्या कडव्यात एक निरागस बाळ जन्माला येतं आणि ते कडवं संपेपर्यंत तुरुंगाच्या कोठडीत लटकलेलं असतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ साठी जतन करायच्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तिच्यात हे होतं. ते नसतं तर तुमची बाकीची सहा गाणी कुठून आली असती?

रात्रपाळी:
जे कडवं तुम्ही पुढे करताय, ते मेली मेलने १९७९ च्या ‘सुपररॅपिन’मध्येच म्हटलं होतं, नाचायच्या ठेक्यावर. म्हणजे ते शब्द आधीपासून होते. वाट दाखवल्याचा मान मी देतोच, पण मान वेगळा आणि आवड वेगळी.

कॅसेटवाला:
मग तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. तेच शब्द जलद ठेक्यावर तीन वर्षं पडून होते, कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. चाल संथ झाली, मागचं वाद्य जवळजवळ रिकामं झालं आणि ते अंगावर आले. याचं श्रेय गाण्याच्या बांधणीला जातं, इतिहासाला नाही. तुमच्याच निकषावर ते वर जायला हवं.

निळी खिडकी:
तुम्ही दोघं पहिल्या-पाचव्यावरून भांडताय, पण सातही गाणी पुरुषांची आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही? नास आणि मॉब डीप न्यूयॉर्कमधल्या ज्या क्वीन्सब्रिज वस्तीतले, तिथलीच रॉक्सॅन शांते १९८४ मध्ये १४ वर्षांची असताना ‘रॉक्सॅन्स रिव्हेंज’ म्हणून गेली.

आणि क्वीन लतीफाचं ‘यू. एन. आय. टी. वाय.’ (१९९३)? पहिल्याच कडव्यात ती रस्त्याने चाललेली असते, मागून एकाचा हात लागतो. ती वळून जाब विचारते, तो मित्रांसमोर शेखी मिरवतो आणि ती त्याच्या डोळ्यावर ठोसा लगावते. कॉलेजात असताना स्टेशनच्या पुलावर माझ्या बाबतीत हेच झालं होतं. मी वळले नाही, मान खाली घालून जिना उतरले. पुढे हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या ओळीवर थांबवून चार वेळा मागे नेलं. धरून ठेवणं म्हणजे आणखी काय असतं?

तबलजी:
मला वेगळीच अडचण आहे. सॅक्सोफोन टॉम स्कॉटचा, ‘शुक वन्स’चा पियानो जॅझवाल्या हर्बी हॅन्कॉकचा. दुसऱ्याच्या वादनावर आपलं नाव लावायचं आणि त्याला पहिला नंबर द्यायचा, हे रियाज केलेल्या माणसाला पटत नाही.

कॅसेटवाला:
इथे मात्र मी रात्रपाळींच्या बाजूने. मॉब डीपमधल्या हॅवॉकने तो पियानो इतका बदलला की मूळ रेकॉर्ड कुठली हे ऐकणाऱ्यांना २०११ पर्यंत सापडलं नव्हतं. १६ वर्षं! पैशांचा प्रश्न खरा आहे. १९९१ मध्ये परवानगीशिवाय तुकडा वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला, त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी काढणं भाग पडलं, आणि ते योग्यच. पण कुठला तुकडा घ्यायचा, तो कुठे कापायचा आणि कितव्या मात्रेवर परत आणायचा, याला कान लागतो.

तबलजी:
कानाचं मान्य. हाताचं नाही. माझ्या यादीत ‘द मेसेज’च पहिलं, कारण त्यात वाजवणारे आहेत.

रात्रपाळी:
काल रात्री तिन्ही गाणी पुन्हा ऐकली. निळी खिडकी, चूक माझी होती. लतीफाचं ते गाणं मी पूर्वी फक्त धृपदापुरतं ऐकलं होतं, कडव्यांकडे लक्षच दिलं नव्हतं. ते तिसरं. ‘ज्यूसी’ यादीबाहेर, जीव तुटतोय तरी. कॅसेटवाले, ठेका संथ झाल्याचा तुमचा मुद्दा पटला. ‘द मेसेज’ दुसरं, नास चौथा. पहिलं मात्र हलणार नाही.

कॅसेटवाला:
दुसरंही मला मान्य नाही. पण आज ‘दे रेमिनिस’ तुमच्या सांगण्यावरून तिसऱ्या कडव्याकडे कान देऊन ऐकतो, मग बोलतो.