पॉवर लेव्हल वाढत गेली की बाकीच्या कॅरेक्टर्सना कामच का उरत नाही?

निळी_छत्री:
ड्रॅगन बॉल झेड ही अ‍ॅनिमे सिरीज पहिल्यापासून परत बघतेय आणि एक गोष्ट फार खटकतेय म्हणून विचारते. रॅडिट्झ हा व्हिलन येतो तेव्हा स्काउटरवर (ताकद आकड्यात दाखवणारं यंत्र) शेतकऱ्याची पॉवर ५ दाखवतात, हिरो गोकू आणि त्याचा जुना शत्रू पिकोलो दोघं मिळूनही त्याला पुरे पडत नाहीत, शेवटी गोकू त्याला मागून घट्ट धरून ठेवतो आणि पिकोलोच्या एका हल्ल्यात दोघंही जातात. काय जबरदस्त लिहिलंय ते! मग फ्रीझा हा मोठा व्हिलन येतो, स्वतःच्या तोंडाने आपली पॉवर ५ लाख ३० हजार सांगतो आणि तिथून पुढे यामचा, चाओत्झू वगैरे गोकूचे मित्र नुसते लांब उभे राहून घाम पुसणार. नारुतो या सिरीजचं पण तेच, सुरुवातीला झाबुझा या निन्जाशी पुलावर झालेली लढाई जीव मुठीत धरून बघायचो आणि शेवटी व्हिलन म्हणून थेट देवीसारखी कागुया. इतकी वर्षं चालणाऱ्या सिरीजमध्ये हे टाळताच येत नाही का?

शेवटचा_बाक:
दर आठवड्याला चॅप्टर द्यायचा म्हटल्यावर पुढचा व्हिलन आधीच्यापेक्षा मोठा करणं हा सगळ्यात सोपा रस्ता असतो, त्यामुळे पूर्ण टळेल असं नाही वाटत. पण ताकद वाढते म्हणून लढाई बोअर होते हे मला पटत नाही, लढाईचा निकाल नुसता आकडा लावायला लागला की ती बोअर होते. ड्रॅगन बॉलमध्येच सेल या व्हिलनच्या दुसऱ्या फॉर्मवेळी गोकूचा मित्र तिएन काय करतो आठव. त्याची ताकद सेलच्या जवळपास पण नाही, तरी वरून एकामागून एक किकोहो (त्याचा ऊर्जेचा हल्ला) मारत सेलला खड्ड्यात दाबून ठेवतो, स्वतः पार संपत येतो, पण तेवढ्यात अँड्रॉइड १८ आणि १६ला पळायला वेळ मिळतो. त्याला जिंकायचं नव्हतंच, फक्त वेळ काढायचा होता! कमजोर माणसाला असं एक नेमकं काम दिलं की तो परत गोष्टीत येतो, अख्ख्या आर्कमधला (कथेच्या त्या टप्प्यातला) माझा सगळ्यात आवडता सीन आहे तो.

कोरी_वही:
हंटर एक्स हंटर बघ, खरंच बघ. तिथे ताकद पाहिजे असेल तर बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. त्यातल्या कुरापिकाची एक साखळी फक्त फँटम ट्रूप या गुन्हेगारी टोळीच्या लोकांवर चालते, दुसऱ्या कोणावर वापरली तर तो स्वतः मरणार अशी अट त्याने स्वतःवर घालून घेतलेली आहे, म्हणजे तो एकीकडे भयंकर ताकदवान आणि बाकी सगळीकडे उघडा, शिवाय ही अट कोणाला कळू पण द्यायची नाही. मग प्रत्येक सीनमध्ये टेन्शन आपोआप येतं. वन पीसमध्ये पण वाळूचा होऊ शकणाऱ्या क्रॉकोडाइलकडून हिरो लुफी आधी सपाटून हरतो आणि परत येतो तो जास्त ताकद घेऊन नाही तर पाणी घेऊन, कारण वाळू भिजली की तिला मार लागतो. आणि तिथले बाउंटीचे (पकडून देण्याच्या बक्षिसाचे) आकडे बघ, लुफीच्या टोळीतल्या रॉबिनवर आठव्या वर्षी ७ कोटी ९० लाख बेरी (तिथलं चलन), ते काय तिच्या मारामारीसाठी नाहीत, ती पोनेग्लिफ (जुन्या इतिहासाचे दगडी लेख) वाचू शकते याची सरकारला भीती वाटते म्हणून. तो आकडाच एक गोष्ट सांगतो.

उलटा_पंखा:
मी थोडं वेगळं बोलतो. ताकद वाढताना बघणं हाच तर अर्धा आनंद आहे, नामेक ग्रहावर फ्रीझाशी लढताना गोकू पहिल्यांदा सुपर सायन (त्याचं जास्त ताकदवान रूप) होतो त्याला कोणी पॉवर क्रीप (ताकदीची न थांबणारी वाढ) म्हणून नावं ठेवत नाही. का? कारण फ्रीझा त्याच्या मित्राला, क्रिलिनला मारतो, तो आधी एकदा मरून परत आलेला असतो, पृथ्वीच्या ड्रॅगन बॉलने (इच्छा पुरी करणारे जादूचे गोळे) तो आता दुसऱ्यांदा येणार नाही हे गोकूला माहीत असतं, म्हणून तो राग खरा वाटतो. पुढे नामेकच्या ड्रॅगन बॉलला ती अट नाही असं निघालं आणि क्रिलिन परत आला. माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं, आकड्यांमुळे नाही. मरणाला वजन राहिलं नाही की ताकद कितीही वाढवा, भीती वाटत नाही.

निळी_छत्री:
तिएनचा सीन मी पार विसरले होते, आजच बघते. आणि मरणाचा मुद्दा मान्य, पण चाओत्झूने त्यात काय करायचं हा प्रश्न तसाच राहतो ना, ड्रॅगन बॉल नसते तरी तो लांबच उभा असता. कोरी_वही, हंटर एक्स हंटर १९९९ची बघू की २०११ची?

कोरी_वही:
२०११ची, १४८ भाग आहेत. कुरापिकाचं ते सगळं यॉर्कन्यू आर्कमध्ये येतं, चाळिसाव्या भागाच्या आसपास. तोपर्यंत मधले भाग गाळू नकोस, नेन, म्हणजे तिथली ती ताकद, कसं चालतं ते त्याआधीच समजावतात.